मांडवाच्या जागी टिटवी

मांडव जिथे घालायचा होता, नेमकी तिथेच टिटवीने अंडी घातली. बडोद्यात मोकळ्या जागांची काय कमी आहे? फतेगंजाच्या पलीकडे लष्कराची हद्द सुरू होते, तिथे माणसाला पाय टाकायची परवानगी नाही, पण पक्ष्याला कोण अडवतंय? तरी बाईसाहेबांना पसंत पडली ती भास्करराव मान्यांची गच्ची. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली तेव्हा उरलेली बारीक खडी गच्चीच्या मधोमध तशीच पसरून राहिली होती. उचलू, उचलू म्हणत कोणी ती उचलली नाही, आणि उचलायची आठवण करून देणारं माणूस भाद्रपदात गेलं. त्या खडीत टिटवीने उथळसा खळगा केला, चार मातकट, ठिपक्याठिपक्यांची अंडी घातली आणि ठाण मांडून बसली.

पहिला मान मंदाआत्यांना मिळाला. मंदाआत्या म्हणजे भास्कररावांची धाकटी बहीण. लग्नघर सांभाळायला म्हणून लहरीपुऱ्यातलं आपलं घर सुनेवर सोपवून त्या इथे मुक्कामाला आल्या होत्या. सांडगे घालायला परात घेऊन वर गेल्या आणि परात वरच टाकून, पदर सावरत, जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली आल्या.

"दादा, वर टिटवी बसलीय! अंगावर येते मेली, डोळेच फोडले असते!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "लग्नघरावर टिटवी ओरडते म्हणजे काय, कळतं ने तुला?"

भास्करराव पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. दीप्ती ओट्यापाशी भेंडी चिरत होती. ती "हं" म्हणाली.

लग्न दीप्तीचं होतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरात आलेल्या कोणालाही ते मंदाआत्यांचं वाटलं असतं. दीप्ती एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. लोकांची स्वयंपाकघरं, लोकांच्या मोऱ्या, लोकांची देवघरं. घरी आली की भाजी चिरायची, कोणी काही विचारलं तर हो म्हणायची. घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं की पोर फार समजूतदार आहे. आपल्याकडे जो तोंड उघडत नाही तो समजूतदारच असतो.

दीप्तीची आई, निरुपमाबाई, तापाचं निमित्त होऊन गेल्या. हॉस्पिटलात चालत गेल्या, रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जतसुद्धा घातली, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं. दीप्ती रडली नाही. आलेल्यांना चहा दिला, फोन घेतले, सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. "खंबीर आहे हो," असं जो तो म्हणाला. खंबीर कसली? ती बधिर झाली होती. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी गाल वाटतो, तसं तिला झालं होतं. फरक एवढाच की दाढेचं इंजेक्शन दोन तासांत उतरतं.

आणि मग मंदाआत्यांनी नियम काढला. घरात आई किंवा बाप गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं नाव काढायचं नाही. हा नियम कोणी केला ते आत्यांना ठाऊक नव्हतं, पण तो मोडायचा नाही हे पक्कं ठाऊक होतं. दीप्ती एकोणतिशीची. त्यात आणखी तीन मिळवले तर किती होतात, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या. वर्ष भाद्रपदात भरणार, त्याच्या आधी चातुर्मास लागणार, म्हणजे जे काय करायचं ते ज्येष्ठाच्या आत. भास्कररावांनी मुलीला विचारलं. ती हो म्हणाली. मुलगा सापडला, अनिश. लग्नासाठी पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभाला भाड्याने मिळणारं मैदान, ठरला. आणि देवक बसवायला, हळद लावायला घरचा मांडव गच्चीवर घालायचं ठरलं. खाली अंगण म्हणून जे होतं त्यात आता दोन स्कूटर आणि शेजाऱ्यांची मोटार उभी असे.

म्हणून टिटवीची पंचाईत.

"अंडी उचलून टाका," मंदाआत्या म्हणाल्या. "ब्रह्महत्या थोडीच आहे."

शेजारच्या रमीलाबेन आपल्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि कठड्यावरून अर्ध्या वाकल्या. "अरे मंदाबेन, एने अडता नहीं हों! टिटोडी धाबा पर इंडां मूके तो वरसाद सारो थाय."

आता आली का अडचण? एका गच्चीवरून बघावं तर टिटवी अपशकुनी, दुसऱ्या गच्चीवरून बघावं तर तिच्यामुळे पाऊस चांगला पडणार. मधे भास्करराव. ते सकाळभर टिटवीकडे बघत बसले. काळं डोकं, डोळ्यापुढे लाल चामडी, पिवळे लांब पाय. मग त्यांचा चेहरा जरा उजळला.

"हलवू," ते म्हणाले. "ब्लॉक न घेता हलवू."

भास्कररावांची हयात रेल्वेत रुळांच्या खात्यात गेली होती. वळणावरचा रूळ जागेवरून सरकला की तो परत जागी आणायचा, पण ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या बंद ठेवून नाही. गँगमन पहारी लावायचे, भास्करराव वाकून एक डोळा मिटून बघायचे आणि हात वर करायचे. आज एवढासा, उद्या आणखी एवढासा. वरून गाड्या चालू. प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळता कामा नये, असं ते सांगायचे. निवृत्तीनंतर हे ज्ञान वापरायची संधी त्यांना घरात कोणी दिली नव्हती.

टिटवी पाण्याला उठली तेवढ्यात त्यांनी खडीखालून एक पातळ पत्रा हलकेच सरकवला. खळगा, खडी, अंडी सगळं पत्र्यावर आलं. मग पत्र्याला दोरी बांधली आणि वीतभर ओढला, टाकीच्या कोपऱ्याकडे. बस्स, त्या दिवसापुरतं एवढंच. दीप्तीचं काम छत्री धरायचं, कारण टिटवीचा नवरा डोक्यावर सूर मारत होता आणि अख्ख्या फतेगंजाला ऐकू जाईल असा कोकलत होता. दोघं जिन्याच्या दारामागे जाऊन उभे राहिले. टिटवी आली, थबकली, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे गेली, आणि वीतभर पुढे जाऊन अंड्यांवर बसली.

"बघितलंस?" भास्करराव कुजबुजले.

"हं," दीप्ती म्हणाली.

मग हा रोजचा परिपाठच झाला. निरुपमाबाई गेल्यापासून भास्करराव दाढी करायची विसरत होते, आता सकाळी लवकर उठून दाढी करून तयार राहू लागले. नातेवाईक आले की त्यांना वर नेऊन दाखवू लागले. मंदाआत्या म्हणायच्या, "आमच्या दादाची स्टेशनमास्तरकी चाललीय वर." पण त्यांनाही बरं वाटत असावं, कारण जिन्यात चहा त्या स्वतः आणून द्यायच्या.

ऊन वाढत गेलं. रमीलाबेनच्या गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचं कुंडं होतं. टिटवी तिथे जायची, पाण्यात बसून पोटाखालची पिसं भिजवायची आणि ओलीच येऊन अंड्यांवर बसायची. मग नर जाऊन भिजून यायचा. अंडी तापू नयेत म्हणून दिवसभर त्यांच्या अशा खेपा चालायच्या. सुट्टीच्या दिवशी दीप्ती दाराच्या फटीतून हे बघत राहायची. तिला आनंद वगैरे काही होत नव्हता. पण बघत राहावंसं वाटत होतं, आणि अमुक करावंसं वाटणं हेच बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं.

खाली लग्न पुढे सरकत होतं. लहरीपुऱ्यातल्या दुकानात गादीवर शालूंचा ढीग पडला. आत्यांनी एक उचलून दीप्तीच्या खांद्यावर टाकला. रंग असा की आई असती तर म्हणाली असती, सडलेलं वांगं नेसून कुठे निघालीस. दीप्तीला ते वाक्य आईच्या आवाजात ऐकू आलं. त्यावर हसू यायला हवं होतं किंवा रडू यायला हवं होतं. दोन्हींपैकी काही आलं नाही.

"आवडला ने?" आत्यांनी विचारलं.

"हो, छान आहे," दीप्ती म्हणाली आणि शालू बांधला गेला.

अनिश चांगला मुलगा होता, ही त्यातली आणखी एक पंचाईत. वाईट असता तर बोलायला काही निमित्त तरी मिळालं असतं. हलोलच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी, घरी आई आणि एक भाऊ, बोलणं मोकळं. संध्याकाळी त्याचा फोन यायचा.

"केरळ की मनाली?"

"काहीही चालेल."

"तुला काय आवडतं ते सांग ने, दीप्ती."

तिने खरोखर विचार केला. आपल्याला काय आवडतं? आठवेना. परीक्षेत पाठ केलेलं उत्तर ऐन वेळी जावं तसं ते गेलं होतं. "तू ठरव," ती म्हणाली. त्याने जेवण झालं का ते विचारलं.

पत्रा निम्म्या वाटेवर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळची वीत सरकवून झाली. टिटवी आता फारशी ओरडतही नव्हती, नवराही नुसता टाकीवर बसून टकामका बघायचा. ती आली आणि न थबकता थेट बसली. भास्कररावांनी समाधानाने हात झटकले.

"आता तिला काही वाटत नाही बघ," ते म्हणाले. "एकदम नेलं असतं तर तिने रान उठवलं असतं. रोज वीतभर, म्हणजे कळतच नाही. माणसालासुद्धा नाही कळत."

दीप्तीच्या हातात छत्री होती. तिने ती मिटली आणि तशीच उभी राहिली. नुसती पत्रिका बघू, बघायला काय जातं. नुसतं भेटून घे, भेटलं म्हणजे लग्न झालं का? मुलगा चांगला आहे, मग साखरपुडा करून ठेवू, लग्नाचं मागाहून बघू. साखरपुडा झालाच आहे तर मुहूर्त कशाला सोडायचा? प्रत्येक वेळी तिला विचारलं होतं. कोणी आवाज चढवला नव्हता, कोणी जबरदस्ती केली नव्हती. आणि आता ती कुठे येऊन पोचली होती ते तिने पहिल्यांदा नीट बघितलं, तर तिला भीती वाटली. आई जाऊन अजून तिच्या मनात काही झालंच नव्हतं. ते व्हायच्या आधीच तिला उचलून दुसऱ्या घरात ठेवणार होते.

बाबांना सांगावं असं तिच्या मनात आलं. पण काय सांगायचं? हो तर तिनेच म्हटलं होतं. भास्करराव ताज्या दाढीचा गाल चोळत, खुशीत गुणगुणत जिना उतरत होते. तिने छत्री खुंटीला अडकवली आणि ऑफिसला गेली.

मांडववाले सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आले. दुसरीकडे कुठेतरी काम निघालं होतं म्हणून म्हणे. भास्करराव नारळ आणि झेंडू आणायला खंडेराव मार्केटात गेले होते. मंदाआत्यांनी कमरेला पदर खोचला.

"दादा वीतभर वीतभर करत बसला तर मांडव दिवाळीला लागेल," त्या म्हणाल्या. पत्रा टाकीपासून अजून बराच लांब होता. त्यांनी मांडववाल्याला खूण केली, त्याने एका हाताने डोक्यावरचं फडकं धरलं, दुसऱ्या हाताने दोरी धरली आणि पत्रा एका दमात टाकीच्या कोपऱ्यात नेऊन सोडला. मग बांबू उभे राहू लागले.

दीप्ती रजेवर होती. खाली ती रुखवताचे डबे पुसत होती. वरून टिटव्यांचा कल्लोळ ऐकू येत होता, बांबूंचे आवाज येत होते, आत्यांच्या सूचना येत होत्या. या सगळ्याची आता तिला सवय झाली होती. पण मग टिटव्या एकदम गप्प झाल्या. दीप्तीने डबा खाली ठेवला आणि ती वर गेली.

भर दुपारचं ऊन होतं. चार बांबू उभे झाले होते आणि त्यांच्या मधोमध टिटवी बसली होती. सकाळी होती त्याच जागी. तिथे आता खडी नव्हती, अंडी नव्हती, नुसतं तापलेलं सिमेंट होतं. तिची पोटाखालची पिसं ओली होती. अंडी नीट पोटाखाली घ्यावीत तशी ती अंग हलवत होती, जरा उठत होती, परत बसत होती. आणि कोपऱ्यात, तिच्या नजरेसमोर, तिची चार अंडी उघड्यावर तापत पडली होती. नर टाकीवर उभा होता. त्यालाही काही सुचत नव्हतं.

"बसेल, बसेल," मंदाआत्या म्हणाल्या. "जाईल आपली तिकडे."

दीप्ती टाकीकडे गेली. दोरी बाजूला पडली होती, तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिने वाकून सरळ पत्र्याची कड धरली. पत्रा तव्यासारखा तापला होता. हाताला असा चटका बसला की ती किंचाळली, पण तिने पत्रा सोडला नाही. ओढत ओढत तो मधोमध आणला. टिटवी उडाली, तिच्या कानाशी ओरडली. दीप्तीही ओरडतच होती, आता हात भाजल्यामुळे नाही. इतके महिने कुठे अडकून पडलं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम वर आलं. ती पत्र्यापासून चार हात लांब जाऊन खाली बसली आणि "आई" म्हणून मोठमोठ्याने रडू लागली. पलीकडे रमीलाबेन धावत कठड्यापाशी आल्या. मांडववाले हातातल्या सुतळ्या तशाच धरून उभे राहिले.

"अगं काय झालं? काय झालं?" मंदाआत्या घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. "हात दाखव बघू. अगं, चार दिवसांवर लग्न आलं, असं रडतात का?"

"मला नाही करायचं," दीप्ती म्हणाली.

"काय नाही करायचं?"

दीप्तीने मांडववाल्याकडे बघून बांबूंकडे बोट दाखवलं. "भाई, आ बधुं काढी नाखो."

त्याने आत्यांकडे बघितलं. आत्यांनी जिन्याकडे बघितलं. जिन्याच्या दारात भास्करराव उभे होते, एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात झेंडूची. कधी आले होते ते कोणालाच कळलं नव्हतं. त्यांनी बांबू बघितले, पत्रा बघितला, मुलीचे लाल झालेले तळवे बघितले. पिशव्या खाली ठेवल्या.

"मी तुला विचारलं होतं, दीप्ती," ते हळू आवाजात म्हणाले. "तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," तिने नाक पुसलं. "त्या वेळी तुम्ही काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते, बाबा. मला तुमचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. मला अजून आईसाठी रडताही आलं नव्हतं आणि तुम्ही शालू घेतलात."

भास्करराव तिच्याशेजारी तापलेल्या गच्चीवर खाली बसले, धोतराची पर्वा न करता.

"मीपण मंदाला हो म्हणत गेलो," ते म्हणाले. "ती म्हणाली हे करू, मी म्हटलं करू. मला तरी काय सुचत होतं."

"म्हणजे सगळं माझ्यावर आलं का?" मंदाआत्यांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "मी तुमच्यासाठीच केलं ने? घर पुन्हा हसतं व्हावं म्हणून. आता तीन वर्षं थांबावं लागेल, दादा. तीन वर्षं!"

"थांबू," दीप्ती म्हणाली.

"आणि अनिश?"

"त्याला मी आज सांगते. थांबला तर थांबला."

टिटवी पत्र्याच्या कडेला उतरली. या तिघांकडे संशयाने बघत तिने एक फेरी मारली, मग पाय दुमडून अंड्यांवर बसली. मांडववाल्याने एक बांबू सोडवायला घेतला.

मंदाआत्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पार्टी प्लॉट ठरला होता, पुण्याची माणसं निघायच्या बेतात होती. त्यांनी पदराने डोळे पुसले. "लोकांना काय सांगायचं ते तरी सांग, दादा. फोन मलाच येणार आहेत. काय कारण सांगू?"

भास्कररावांनी मुलीचे दोन्ही तळवे आपल्या हातात घेतले आणि त्यांवर फुंकर घातली.

"सांग," ते म्हणाले, "आमचं सुतक अजून फिटलेलं नाही."